ऑगस्टा नॅशनल : मॅकेन्झीने आखलेला कोर्स अजून शिल्लक आहे का?

हिरवळवेडा

एप्रिलमध्ये पहाटेपर्यंत जागून मास्टर्स ही अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल क्लबवरची गोल्फ स्पर्धा बघणारे इथे बरेच जण आहेत, हे २०२५ च्या रोरी मॅकिलरॉयच्या विजयानंतरच्या गप्पांमध्ये कळलं. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं थोडक्यात असं. ऑगस्टा नॅशनल म्हटलं की लोकांना अझेलियाची फुलं, विजेत्याचं हिरवं जॅकेट आणि बंद फाटक आठवतं. मला मात्र तो कोर्स त्याच्या आखणीमुळे मोठा वाटतो. गोल्फपटू बॉबी जोन्स आणि कोर्स आखणारे डॉ. अलिस्टर मॅकेन्झी यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एक धाडसी गोष्ट केली. प्रचंड रुंद फेअरवे (बॉल मारत न्यायची कापलेली हिरवळ), रफ (कडेचं उंच गवत) जवळजवळ नाहीच, अख्ख्या कोर्सवर बंकर (वाळूचे खड्डे) विशीच्या घरात. म्हणजे साध्या सभासदाचा बॉल हरवणार नाही, आणि तरी जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला सतत निर्णय घ्यावा लागेल. अडचण रुंदीत नव्हती, कोनात होती. फेअरवेच्या चुकीच्या बाजूला बॉल पडला तर तो दिसायला छानच दिसतो, पण तिथून ग्रीनवर (बॉल घालायच्या खळगीभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) थांबवता येत नाही.

नंतरच्या काळात तिथे झाडं लावली, 'सेकंड कट' (फेअरवेच्या कडेचं किंचित वाढवलेलं गवत) आणला, टी (पहिला फटका मारायच्या जागा) मागे नेले. १९३४ साली पावणेसात हजार यार्डांच्या आसपास असलेला कोर्स आता साडेसात हजारांच्या पुढे गेला आहे. तर प्रश्न हा : जे आपण आज टीव्हीवर बघतो त्यात मॅकेन्झी किती उरला आहे?

मंजिरी_क

मस्त धागा! वाचतेय. गोल्फमधलं फार कळत नाही, पण बागांमधलं कळतं, त्यामुळे नंतर सविस्तर लिहीन.

कॅप्टननाना

हिरवळवेडा, कोनाबद्दल लिहिलंत ते शंभर टक्के पटलं. लष्करात असताना खेळायला शिकलो, आता पुण्यात सकाळी नऊ होल (टीपासून ग्रीनपर्यंतचे टप्पे, पूर्ण कोर्सवर असे अठरा) खेळतो. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या कोर्सवर दोन्ही बाजूंनी झाडी असते, त्यामुळे एकच विचार : सरळ मार. ऑगस्टाची रुंदी म्हणजे चांगल्या फिरकी गोलंदाजाने दिलेली उंची. फलंदाजाला वाटतं पुढे येऊन मारावं, आणि तिथेच तो फसतो.

मॅकेन्झी मुळात डॉक्टर. बोअर युद्धात शल्यचिकित्सक म्हणून दक्षिण आफ्रिकेत होता. तिथे बोअर सैनिक साध्या माळरानावर स्वतःला कसे दडवतात हे त्याने बारकाईने पाहिलं आणि पुढे पहिल्या महायुद्धात तो छलावरण शिकवत होता. बंकरची कड जमिनीच्या चढउतारात अशी मिसळायची की तो निसर्गानेच केलेला वाटावा, ही त्याची हातोटी तिथून आली. आम्हा फौजींना या माणसाबद्दल म्हणूनच विशेष आपुलकी.

अटलांटाकर

जॉर्जियात राहत असल्यामुळे लॉटरीत सराव फेरीची तिकिटं लागली तेव्हा जाऊन आलो. फोन आत नेता येत नाही, त्यामुळे फोटो नाहीत. डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

टीव्ही एक गोष्ट पूर्णपणे लपवतो, ती म्हणजे उतार. क्लबहाउस उंचावर आहे आणि रेज क्रीक नावाचा ओढा सर्वांत खाली. या दोन्हींमध्ये दीडशे फुटांहून जास्त फरक आहे. दहाव्या होलच्या टीवर उभं राहिलं की फेअरवे पायाखालून घसरत गेल्यासारखा दिसतो. अठराव्यावर परत वर येताना धष्टपुष्ट माणसं धापा टाकत होती. आणि ग्रीन! कॅमेऱ्यात सपाट दिसणाऱ्या ग्रीनच्या कडेला उभं राहिल्यावर कळतं की एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात माणूसभर चढ असू शकतो.

म्हणून मला वाटतं, मॅकेन्झी उरला आहेच. झाडं कितीही लावली तरी जमीन तीच आहे. होल कुठून कुठे जातो हा आराखडा बहुतांशी त्याचा आहे.

अवांतर : पिमेंटो चीज सँडविच अजून दीड डॉलरला मिळतं. एका तिकिटात तीन खाल्ली.

प्रश्नचिन्ह

सगळं ठीक. पण मूळची ३६५ एकर जमीन, सुमारे ३०० सभासद, तेही फक्त आमंत्रणाने. कोर्सच्या स्वभावाबद्दल बोलायचं तर तो स्वभाव बंद दाराचा आहे. पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० मध्ये, पहिल्या महिला सभासद २०१२ मध्ये. ली एल्डर हा मास्टर्स खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, तो १९७५ साली. आखणीचं कौतुक करताना हे बाजूला ठेवता येत नाही.

हिरवळवेडा

@प्रश्नचिन्ह, बाजूला ठेवायचं नाहीच. उलट यात एक विसंगती आहे, ती मला नेहमी खुपते. मॅकेन्झीचं सगळं तत्त्वज्ञान सर्वसामान्य खेळाडूला आनंद मिळावा या बाजूचं होतं. तो स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचा भक्त. तो कोर्स सार्वजनिक आहे, रविवारी तिथे गावातले लोक फिरायला येतात. त्या कोर्सवरून सुचलेल्या कल्पना ऑगस्टात आहेत. चौथा होल तिथल्या अकराव्या 'ईडन'वरून, पाचवा तिथल्या सतराव्या 'रोड होल'वरून. सगळ्यांसाठी उघड्या असलेल्या जागेवरून शिकून जगातली सगळ्यात बंद जागा उभी राहिली.

सावळीचीवाट

कॅडींचा (खेळाडूची बॅग वाहून सल्ला देणाऱ्यांचा) उल्लेख कुणीच केला नाही अजून. १९८२ पर्यंत मास्टर्समध्ये खेळाडूंना क्लबचेच कॅडी घ्यावे लागत आणि ते सगळे कृष्णवर्णीय होते. त्या ग्रीनवर बॉल कुठे वळतो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. कार्ल जॅक्सन हे त्यांच्यातलं मोठं नाव. बेन क्रेनशॉ १९८४ आणि १९९५ मध्ये जिंकला तेव्हा जॅक्सनच त्याच्या बरोबर होते. १९८३ पासून खेळाडूंना स्वतःचे कॅडी आणायची मुभा मिळाली आणि बहुतेकांनी आणले. एका पिढीचं तोंडी ज्ञान आणि रोजगार दोन्ही त्या एका निर्णयाने आटलं.

कोर्सचा स्वभाव फक्त आखणारा ठरवत नाही. तो दररोज वाचणारी माणसंही ठरवतात. आपल्याकडच्या कोर्सवरसुद्धा सगळ्यात अचूक सल्ला कॅडीच देतो, हे कॅप्टननाना सांगतील.

कॅप्टननाना

सांगतो की! माझा कॅडी शेजारच्या वस्तीतला. पट (ग्रीनवरून बॉल होलमध्ये ढकलायचा फटका) करण्याआधी तो नुसता पायाने जमीन चाचपतो आणि म्हणतो, "सर, दोन कप डावीकडे," म्हणजे होलच्या दोन रुंदींइतकं. मी ऐकतो. भारतातले कित्येक व्यावसायिक गोल्फर कॅडी म्हणून किंवा कोर्सवरच्या कामगारांच्या घरांतून पुढे आलेले आहेत. सावळीचीवाट, तुमच्या प्रतिसादाला सलाम.

मंजिरी_क

आता माझं क्षेत्र. :)

ही जागा गोल्फ कोर्स व्हायच्या आधी 'फ्रूटलँड' नावाची रोपवाटिका होती. त्याआधी नीळ पिकवायची. १८५७ मध्ये बर्कमन्स या बेल्जियन कुटुंबाने ती घेतली आणि पुढे प्रॉस्पर बर्कमन्सने तिथून अमेरिकेच्या दक्षिणेत फळझाडं आणि शोभेची झाडं पसरवली. जॉर्जियाच्या पीचच्या प्रसिद्धीतही या रोपवाटिकेचा मोठा हात आहे. फाटकापासून क्लबहाउसपर्यंतची मॅग्नोलियाची दुतर्फा रांग त्याच काळातली, आणि क्लबहाउसही १८५४ चं घर आहे. म्हणजे जोन्सच्या हाती आलं ते रान नव्हतं, अनेक दशकं जोपासलेली बाग होती.

अठराही होलना झाडाफुलांची नावं आहेत. पहिला 'टी ऑलिव्ह'. हे ओस्मँथस, आपल्या हिमालयाच्या पायथ्याशीही वाढतं, वास अप्रतिम. दहावा 'कॅमेलिया', म्हणजे चहाच्याच कुळातलं. सतरावा 'नंदिना', जपान-चीनकडचं. बर्कमन्सच्या रोपवाटिकेत आशियातली किती झाडं होती हे या नावांवरून कळतं.

आणि टीव्हीवरचा तो रंगही वर्षभराचा नाही. तिथलं मूळ गवत बर्म्युडा, उन्हाळ्याचं. शरद ऋतूत त्यावर राय गवताचं बी पेरतात, वसंतात हिरवंगार दिसतं ते हे. ग्रीनवर १९८० पर्यंत बर्म्युडाच होतं, त्यानंतर बेंटग्रास आलं. बेंट थंड हवेचं गवत. जॉर्जियाच्या उन्हाळ्यात ते जगवणं कठीण, म्हणून ग्रीनखाली नळ्यांचं जाळं आहे, त्यातून हवा खेळवतात आणि जास्तीचा ओलावा ओढून घेतात. क्लबही मेच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत बंद असतो.

प्रश्नचिन्ह

@मंजिरी_क, म्हणजे वसंतातले काही दिवस सुंदर दिसावं म्हणून एवढी यंत्रणा. आपल्याकडे कुणी हेच मॉडेल उचललं तर? दुष्काळी पट्ट्यालगत 'ऑगस्टासारखी हिरवळ' अशी जाहिरात करून बंगल्यांचे प्लॉट विकले जातात तेव्हा पोटात गोळा येतो.

मंजिरी_क

तुमची काळजी रास्त आहे. ऑगस्टाच्या हिरव्या रंगाने जगभरच्या कोर्सचं नुकसान केलं असं परदेशातले गवततज्ज्ञही म्हणतात. सभासद टीव्ही बघतात आणि आपल्या क्लबला विचारतात, आपलं असं का नाही? मग पाणी आणि खत वाढतं. गंमत म्हणजे मॅकेन्झी ज्या ओल्ड कोर्सचा भक्त होता तिथे उन्हाळ्यात गवत चक्क पिवळं-तपकिरी होतं, आणि खेळ आणखी चांगला होतो, कारण बॉल घरंगळतो. आपल्याकडे सांडपाणी शुद्ध करून वापरणं आणि स्थानिक गवताला त्याच्या ऋतूत पिवळं होऊ देणं, एवढं केलं तरी पुष्कळ.

गोटीसोडा

गोल्फ म्हणजे श्रीमंतांचं गोट्या खेळणं, असं माझे आजोबा म्हणायचे. हा धागा वाचून आजोबांना फोन लावतोय, त्यांना ऑगस्टाच्या गाजलेल्या बाराव्या होलबद्दल सांगायचंय. कुणीतरी त्या बाराव्याबद्दल लिहा ना!

चौकटराजा

@गोटीसोडा, लिहितो. वास्तुरचना शिकवतो, त्यामुळे हा होल मी वर्गात फळ्यावर काढतो.

बारावा 'गोल्डन बेल', पार तीन (म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा), फक्त १५५ यार्ड. त्या कोर्सवरचा सगळ्यात छोटा होल. ग्रीन अरुंद आणि तिरपं. डावी बाजू टीला जवळ, उजवी बाजू लांब. समोर ओढा, ओढ्यावर एक बंकर, मागे दोन. आता उजव्या हाताच्या खेळाडूचा फटका उजवीकडे सुटला तर बॉल आखूडही पडतो, आणि उजवीकडेच ग्रीन लांब आहे. थेट पाण्यात. डावीकडे ओढला गेला तर लांब जातो, आणि डावीकडे ग्रीन जवळ आहे. म्हणजे मागच्या झुडपांत. उजव्या हाताच्या खेळाडूच्या बॉलचा नैसर्गिक विखुरलेपणा आणि ग्रीनची दिशा एकमेकांच्या बरोबर विरुद्ध आहेत.

डावखुऱ्याला उलट. त्याचे दोन्ही फटके ग्रीनच्या तिरपेपणाबरोबर जातात. २००३ मध्ये माइक वीअर, २००४, २००६, २०१० मध्ये फिल मिकलसन, २०१२ आणि २०१४ मध्ये बब्बा वॉटसन. बारा स्पर्धांत सहा वेळा डावखुरा जिंकला. सगळं श्रेय बाराव्याला देता येणार नाही, पण योगायोग म्हणून सोडूनही देता येत नाही.

वर झाडांच्या टोकांवरून गोल फिरणारा वारा. टीवर पाठीमागून वाटतो आणि अकराव्याच्या ग्रीनवरचा झेंडा भलतीकडे फडकत असतो. २०१६ मध्ये जॉर्डन स्पीथने इथे दोन बॉल पाण्यात घालवून सात फटके घेतले. १९९२ मध्ये फ्रेड कपल्सचा बॉल उतारावर ओढ्याच्या कडेला थांबला आणि तो स्पर्धा जिंकला. ज्या उतारावरून बाकी सगळ्यांचे बॉल खाली जातात तिथे.

गोटीसोडा

आजोबा म्हणाले, "म्हणजे बंड्या डावखुरा होता म्हणून जिंकायचा तर!" बंड्या त्यांचा गोट्यांमधला प्रतिस्पर्धी. साठ वर्षांनी उलगडा झाला. धन्यवाद चौकटराजा.

दूरचादिवा

मूळ प्रश्नाकडे येतो. मला वाटतं हिरवळवेडा थोडे भावुक झाले आहेत. ऑगस्टा हा मॅकेन्झीचा कोर्स कधी फार काळ नव्हताच. मॅकेन्झी ६ जानेवारी १९३४ ला वारला, पहिली स्पर्धा त्यानंतर मार्चमध्ये. त्याला ठरलेली पूर्ण फीसुद्धा मिळाली नाही, मंदीचे दिवस होते. पहिल्या स्पर्धेनंतर लगेच दोन्ही नऊ होलची अदलाबदल झाली, कारण ओढ्याकाठच्या सखल भागात सकाळी दव गोठून राहायचं आणि खेळ उशिरा सुरू करावा लागायचा. आज आपण ज्याला नाट्यमय 'बॅक नाइन' (शेवटचे नऊ होल) म्हणतो ते या थंडीमुळे शेवटी आलं!

१९३७ मध्ये पेरी मॅक्सवेल या कोर्स आखणाऱ्याने दहाव्याचं ग्रीन खालच्या खळग्यातून उचलून मागच्या चढावर नेलं. १९४७ मध्ये रॉबर्ट ट्रेंट जोन्सने (बॉबी जोन्स वेगळा) सोळावा होल पूर्ण नवा केला, तळ्यासकट. ज्या सोळाव्यावर टायगर वुड्सचा २००५ चा तो चिप (ग्रीनबाहेरून मारलेला छोटा) फटका कडेवर क्षणभर थांबून आत पडला, तो मॅकेन्झीचा नाहीच. म्हणजे सगळ्यांना आवडणाऱ्या निम्म्या गोष्टी नंतरच्या आहेत. बदलत राहणं हाच या कोर्सचा स्वभाव आहे.

हिरवळवेडा

@दूरचादिवा, बदलाला माझा विरोध नाही. दहाव्याचं उदाहरण तुम्ही दिलंत ते माझ्याही आवडीचं आहे. ग्रीन मागे गेलं, पण जुन्या ग्रीनजवळचा तो भला मोठा, बोटं पसरल्यासारखा बंकर तसाच राहिला. आता तो फेअरवेच्या मध्ये आहे, चांगल्या खेळाडूचा बॉल क्वचितच त्यात जातो. खेळाच्या हिशेबात त्याचा उपयोग नाही, तरी बुजवला नाही. मॅकेन्झीचे बंकर मुळात कसे दिसत हे पाहायचं तर तिथे पाहावं. बाकीचे बंकर आता गुळगुळीत कडांचे, पांढऱ्याशुभ्र वाळूचे.

माझा आक्षेप एकाच प्रकारच्या बदलाला आहे : ज्याने पर्याय कमी होतात. १९९९ मध्ये आलेला सेकंड कट जेमतेम दीड इंचाचासुद्धा नाही, पण तो घरंगळणारा बॉल अडवतो. पूर्वी चुकलेला बॉल पाइनच्या पानांवर, झाडांखाली जायचा आणि खरी शिक्षा व्हायची. आता गवत त्याला वाचवतं. अकराव्याच्या उजवीकडे लावलेल्या झाडांनी तर एक अख्खी बाजूच बंद केली होती. २०२२ मध्ये तिथली काही काढली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

अटलांटाकर

+१. झाडांवरून आठवलं, सतराव्यावरचं आयझेनहॉवर ट्री. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर सभासद होते, त्यांचा बॉल त्या पाइनवर इतक्यांदा आपटायचा की क्लबच्या १९५६ च्या सभेत त्यांनी ते तोडायची सूचना मांडली. अध्यक्ष क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनी सभाच संपवली! शेवटी २०१४ च्या बर्फवादळात ते झाड गेलं. २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाने आणखी बरीच झाडं पाडली.

कॅप्टननाना

नॉर्मंडीची मोहीम जिंकलेला सेनापती एका झाडापुढे हरला. झाडाला मानाचा मुजरा!

चौकटराजा

मी धागाकर्त्यांच्या बाजूने एक मुद्दा मांडतो आणि विरुद्ध एक.

बाजूने : चौदावा होल. अख्ख्या कोर्सवर एकही बंकर नसलेला एकमेव होल. पाणीही नाही. फक्त ग्रीनचे चढउतार. तरी तिथे ग्रीनवर तीन पट मारावे लागणं सर्रास घडतं. काहीही न घालता अवघड करणं, हीच मॅकेन्झीची शिकवण, आणि तो होल आजही तेच करतो.

विरुद्ध : तेरावा 'अझेलिया'. २०२३ मध्ये तो ५१० यार्डांवरून ५४५ केला. त्यासाठी क्लबने शेजारच्या क्लबची जमीन विकत घेतली होती. खूप टीका झाली. पण का केलं ते बघा. पार पाच, डावीकडे वळणारा फेअरवे, डावीकडून ओढा, तोच पुढे ग्रीनसमोरून आडवा जातो. फेअरवे ओढ्याकडे उतरता, त्यामुळे उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल पायांपेक्षा वर असतो आणि असा बॉल डावीकडे वळायला बघतो. अशा अवस्थेत लांबचा फटका पाण्यावरून मारायचा की आधी थांबून तिसऱ्यात जायचं, हा प्रश्न जोन्स आणि मॅकेन्झीने विचारला होता. आधुनिक ड्रायव्हरने (सर्वांत लांब मारणाऱ्या दांडीने) तो प्रश्नच पुसून टाकला होता, लोक दुसऱ्यासाठी छोटं आयर्न (कमी अंतराची दांडी) घेत होते. टी मागे नेल्याने प्रश्न परत आला. म्हणजे इथे लांबी वाढवून मूळ आखणी वाचवली.

हिरवळवेडा

तेराव्याबद्दल तुमच्याशी सहमत. २०२५ चा शेवटचा दिवस आठवा. आघाडीवर असलेल्या मॅकिलरॉयने तिथे सुरक्षित रस्ता निवडला, दुसऱ्या फटक्यात थांबला, आणि शंभर यार्डांच्या आतून वेज (अगदी जवळच्या फटक्याची दांडी) घेऊन तिसरा फटका ओढ्यात घातला. सात फटके! आणि पुढे पंधराव्यावर झाडाला वळसा घालून सात नंबरच्या आयर्नने ग्रीनवर, बॉल होलच्या जवळ. सुरक्षित होता तिथे बुडाला, जोखीम घेतली तिथे तरला, आणि शेवटी जस्टिन रोझविरुद्ध प्लेऑफ (बरोबरीनंतरचा निर्णायक खेळ) जिंकला. मला कोर्सकडून हेच हवं असतं.

सावळीचीवाट

एक भारतीय धागा जोडते. २००७ मध्ये जीव मिल्खा सिंग मास्टर्स खेळणारा पहिला भारतीय. अनिर्बन लाहिरी २०१५ मध्ये खेळला आणि त्याचा जन्म पुण्याचा, हे इथल्या पुणेकरांनी आतापर्यंत सांगितलं नाही याचं आश्चर्य वाटतंय.

कॅप्टननाना

पुणेकर नम्र असतात, म्हणून थांबलो होतो. :)

दूरचादिवा

चौकटराजांच्या तेराव्यावरच्या प्रतिसादाने माझाच मुद्दा पक्का झाला. बदल करूनच मूळ विचार टिकतो. पण हिरवळवेडा, तुम्हाला एक विचारायचंय. तुमच्या हातात कोर्स दिला तर नेमकं काय करणार?

हिरवळवेडा

तीन गोष्टी. सेकंड कट काढून फेअरवे झाडांच्या रेषेपर्यंत एकसारखा कापायचा. पंधराव्या आणि सतराव्यावर नंतर लावलेली पाइन विरळ करायची, वादळाने सुरू केलेलं काम पुढे न्यायचं. आणि सातवा होल. तो मुळात सेंट अँड्र्यूजच्या अठराव्यावरून सुचलेला, उघडा, छोटा, ग्रीनसमोर बंकरही नसलेला होता. १९३८ मध्ये ग्रीन उचललं, भोवती बंकर आले, पुढे झाडांनी तो बोळ झाला. तिथे किमान डावी बाजू मोकळी करायची. तेराव्याला हात लावणार नाही.

चौकटराजा

सातव्याला माझा विरोध. अठरापैकी एका होलवर तरी 'सरळ मार' असं सांगणारी अरुंद गल्ली हवीच, नाहीतर रुंदीची किंमत कळत नाही. पण सेकंड कट काढण्याला पूर्ण अनुमोदन. सातव्याचा जुना नकाशा आणि आजचा, दोन्ही शेजारी काढून उद्या इथे टाकतो, मग भांडू.